पिठाची बाजू, शाईची बाजू

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, मेपलच्या लाकडाची. माझ्या एका बाजूला पीठ लागलं आहे आणि दुसऱ्या बाजूला शाई.

अमेरिकेतल्या मेन राज्यात, कोळ्यांच्या एका गावात हुल्डाच्या सासऱ्यांनी रंधा मारून मला गुळगुळीत केलं, सुनेला पाव मळायला. हुल्डा माझ्यावर कणीक मळायची, ती टोपात फुगायला ठेवायची आणि पाळण्यातलं बाळ झोपलेलं असेल, तर मला पालथी करून मांडीवर घ्यायची नि लिहायला बसायची. कणीक फुगेपर्यंतच तिचा वेळ तिचा असे. लिहायची काय, तर गावातलीच माणसं, गावच्याच बोलीत.

तिची एक गोष्ट बोस्टनच्या मासिकाला आवडली, तेव्हा ती मला धरून नाचली होती! पण संपादकांच्या दोन अटी होत्या. माणसांची बोली शुद्ध करा, आणि वादळात गेलेला कोळी शेवटी घरी येऊ द्या.

गोष्ट पहिलीच. छापून यावी असं कुणाला वाटणार नाही? एका शनिवारी तिने शुद्ध बोलीत नवा शेवट लिहून काढला. कोळी होडीतून उतरला, बायको धावत गेली, आणि इकडे बाळ रडलं. दौत माझ्यावर कलंडली. हुल्डाने शाई कशीबशी पुसली, बाळाला कडेवर घेतलं आणि घाईघाईत कणीक माझ्या त्याच बाजूवर आपटली. मला ओरडता आलं असतं तर!

दर शनिवारी एक पाव शेजारच्या केझियामावशींकडे जायचा. त्या एकट्याच राहत. संध्याकाळी त्या पाव घेऊन दारात हजर.

“हुल्डे, निळा पाव? मी काय कॉड मासा आहे, पुढ्यात येईल ते गिळायला?”

“शाई सांडली, मावशी. मी लिहीत होते... तुमच्या रूएलकाकांची गोष्ट.”

मावशी पाव मांडीवर घेऊन बसल्या. रूएलकाका म्हणजे मावशींचे यजमान. ते समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत, त्याला बारा वर्षं झाली होती.

“वाच,” त्या म्हणाल्या.

हुल्डाने दोन्ही शेवट वाचले. मावशी पावावरचा डाग नखाने खरवडत राहिल्या.

“पहिल्यातली बाई माझ्यासारखी बोलते. दुसऱ्यातली कोण गं ही, पाद्रीबाई? आणि त्याला परत आणू नकोस, पोरी. पाच वर्षं मी रोज त्याचं ताट मांडलं. सहाव्या वर्षी उचललं. ते उचलताना माझं काय झालं, ते समुद्राला नाही कळलं. तुझ्या कागदाला तरी कळू दे.”

“मग छापणार नाहीत हो.”

“नाही तर नाही. मी येऊन ऐकत जाईन. पाव मात्र पांढरा दे.”

हुल्डाने नवा शेवट चुलीत घातला आणि जुनीच गोष्ट परत पाठवली. सगळा हिवाळा उत्तर नाही. बर्फ वितळायला लागलं, तेव्हा मासिक आलं. गोष्ट जशीच्या तशी होती! मावशींनी ती तीनदा वाचून घेतली आणि त्या पानावर हात ठेवला.

“चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड नाही. हे पानच त्याचा दगड असू दे.”

आता मला मधोमध चीर गेली आहे. कित्येक वर्षं मी सरपणामागे धूळ खात पडले होते. पाळण्यातल्या त्या बाळानेच मला बाहेर काढलं. आता तीही आजी झाली आहे. पिठाची बाजू ती वाळूने घासते, निळ्या डागाला हात लावत नाही. तिचे, हुल्डाचे, मावशींचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू धुवा, पुसा, जपा. पण एखादा डाग दिसला, तर घासण्याआधी मोठ्या माणसांना एकदा विचारा, “हा कशाचा?”