एका बाईच्या घरातला काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे, आणि बिघडलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून दुसऱ्याकडून कळलं असं व्हायला नको. तुमच्या घरचा कुकर शिट्ट्या मारतो. मी ज्याच्या झाकणावर बसायचो तो कुकर त्याच्या तिप्पट मोठा होता आणि मुका होता. आत वाफेचा दाब किती झाला हे त्याच्या वतीने मी सांगायचो. गोल तोंड, वर काच, आत शून्यापासून वीसपर्यंत आकडे आणि एक बारीक काळी सुई, एवढाच माझा संसार.

कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईने मला नळीला लावून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा चालेल." उभ्या आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. पण ते मला पुष्कळ दिवस पुरलं.

तिथून मी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात आलो, लॉरेल फोर्क काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, विस्तार कार्यालयात. हे कार्यालय म्हणजे लोकांना फुकट शहाणं करून सोडणारी जागा. कुणी शेतातली माती डब्यात भरून आणायचं, कुणी वासराला जुलाब लागले म्हणून धावत यायचं, आणि उन्हाळ्यात बायका यायच्या बरण्यांच्या वर्गाला. परसातली फरसबी, मका, टोमॅटो काचेच्या बरण्यांत भरून हिवाळ्यासाठी ठेवायचे, तेही असे की खाणारा सुखरूप राहील. शिकवायला मिस लॉयस बॅरिकमन. बावीस वर्षं ती हेच शिकवत होती आणि चोख शिकवत होती, ते मी नाकारणार नाही.

"फरसबी नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून भागत नाही," ती म्हणायची. "अकरा पौंड दाब, पंचवीस मिनिटं. साडेदहा म्हणजे अकरा नव्हे, तेवढ्याने बरणीत विष धरतं. तुमच्या आजीने काय केलं ते मला सांगू नका, तुमच्या आजीचं नशीब चांगलं होतं."

दर एप्रिलमध्ये कार्यालयात काटे तपासायचा दिवस असे. साऱ्या काउंटीतल्या बायका आपापली झाकणं काखेत मारून रांगेत उभ्या राहायच्या. मिस लॉयस प्रत्येक काटा पंपाला लावायची. बरोबर निघाला की त्यावर हिरवी चिकटपट्टी. दोन पौंडांहून जास्त चुकला की तो फिरवून काढायचा आणि बादलीत. बादलीत काटा पडला की खण्ण असा आवाज व्हायचा आणि रांगेतल्या बायका त्या बाईकडे वळून बघायच्या. मिस लॉयसला तो आवाज आवडायचा. मला तिचा हात ठाऊक आहे, म्हणून सांगतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मार्चमध्ये एका चर्चमध्ये कुकर दाखवायला जाताना तिने मला पाडलं. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात झाकण, आणि समोर चर्चच्या तळघराच्या पायऱ्या. मी तोंडावर आपटलो. काच शाबूत राहिली, सुईही शून्यावर येऊन बसली, पण आतली एक बारीक पट्टी वाकली. मिस लॉयसने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. बाहीने मला पुसलं आणि पुटपुटली, "काही झालं नाही."

एप्रिलमध्ये तिने एकेचाळीस झाकणं तपासली. शेवटी कागदावर एकच हिरवी पट्टी उरली. ती तिने माझ्या कडेला चिकटवली. "आपल्याच घरचा, त्याला काय तपासायचं," असं म्हणून तिने दिवा मालवला आणि घरी गेली.

आता डेल्मा रोआर्कचं सांगतो. पंक्चन क्रीक नावाच्या ओढ्याच्या पार वरच्या टोकाला ही आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहायची. वय चाळिशीपुढे. वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात कामाला होती आणि तो धोबीखाना बंद व्हायच्या बेतात होता. त्याच सुमारास काउंटीने मोठं बरणीघर उघडायचं ठरवलं, जिथे लोकांनी आपापला माल आणायचा आणि मोठ्या भट्ट्यांवर बरण्या भरून न्यायच्या. त्याची देखरेख करायला एक बाई हवी होती. अट एकच, मिस लॉयसच्या वर्गाचं प्रमाणपत्र. डेल्माच्या घरापासून बरणीघर दहा मिनिटांवर. आईला दुपारी येऊन भरवता आलं असतं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

नऊ आठवडे ती पहिल्या रांगेत बसली आणि शब्दन् शब्द लिहून घेतला. मागे जोलीन साइझमोर बसायची. ती डेल्माच्या वहीत डोकावून म्हणायची, "अगं, खोकलीस तर तेही लिहून ठेव." मग सगळा वर्ग हसायचा आणि मिस लॉयसही ओठ दाबून हसायची.

शेवटची परीक्षा घरची होती. कार्यालयाचा कुकर घरी न्यायचा, एकटीने फरसबीच्या बरण्या भरायच्या, प्रत्येक घाण्याची वेळ आणि दाब कागदावर लिहायचा आणि ऑगस्टच्या शेवटी त्यातल्या सात बरण्या सर्वांसमोर मांडायच्या. बाकीच्या बायकांकडे स्वतःचे कुकर होते. कार्यालयाचा नेला एकट्या डेल्माने. झाकण हातात घेऊन तिने विचारलं, "मिस लॉयस, याचा काटा तपासलाय ना?"

वर्गात खसखस पिकली. जोलीन म्हणाली, "ऐका. ही आता कार्यालयाला शिकवणार."

"हिरवी पट्टी दिसत नाही का तुला?" मिस लॉयस म्हणाली.

"दिसते. तुम्हीच सांगितलं होतं, विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणून."

मित्रांनो, नऊ आठवड्यांत तो एकच धडा कुणी खरोखर शिकलं होतं. आणि त्यावरच सगळी हसली.

डेल्माच्या घरी मी दोन आठवडे होतो. तिची नजर जरा अधू होती, म्हणून तिने कपाटातून नखांना लावायच्या लाल रंगाची जुनी बाटली काढली आणि माझ्या काचेवर अकराच्या समोर एक ठिपका दिला. सुई ठिपक्यावर आली की घड्याळ बघायचं. खाटेवरून तिची आई बोलायची, "पन्नास वर्षं मी नुसत्या टोपात उकळली. मेलं का कुणी?"

"तुझं नशीब चांगलं, आई. गप्प पड."

पंचवीस मिनिटं ती शेगडीपुढून हलायची नाही. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसताना एक डोळा माझ्यावर. आणि मी तिला अकरा दाखवत होतो. आत साडेसहाच होते. मला कळत होतं. वाफ मला जेवढी ढकलायची त्याहून माझी सुई पुढे पळायची, ती मला आवरत नव्हती. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. तिने बेचाळीस बरण्या भरल्या, सगळ्या परसाच्या, हिवाळाभर पुरतील एवढ्या. कागदावर सहा वेळा स्वच्छ अक्षरात लिहिलं, अकरा, पंचवीस मिनिटं.

ऑगस्टच्या शेवटी सभागृहात पांढरी चादर घातलेल्या लांब टेबलावर सगळ्यांच्या बरण्या मांडल्या. मीही झाकणासकट कोपऱ्यात होतो. डेल्माच्या सातांपैकी दोन बरण्यांची झाकणं फुगली होती आणि एकीतलं पाणी गढूळ झालं होतं. मिस लॉयसने ती उचलून उजेडात धरली आणि धरूनच ठेवली, म्हणजे शेवटच्या खुर्चीवरच्या बाईलाही दिसावी.

"या फरसबीने सबंध घर आडवं झालं असतं," ती म्हणाली. "डेल्मा, खरं सांग. किती वेळ ठेवलीस?"

"पंचवीस मिनिटं. अकरावर. कागदावर आहे."

"कागदावर कुणीही अकरा लिहील."

"मी काट्यावरून नजर हलवली नाही, मिस लॉयस."

"काटा खोटं बोलत नाही, डेल्मा. माणसं बोलतात."

तेव्हा मला झाकणातून निखळून पडावंसं वाटलं. जोलीन शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "क्रीकवरची माणसं. नुसतं शिकवून स्वच्छता येते होय." कुणी तिला गप्प केलं नाही. डेल्मा उभीच होती. हातातला कागद तिने घडी घालून पुन्हा उघडला, पुन्हा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी तिला उरलेल्या सगळ्या बरण्या आणायला लावल्या. कार्यालयाच्या मागे मोठ्या पातेल्यात एकेक बरणी उकळून, वर औषध ओतून नष्ट करायची होती. नष्ट करणं बरोबरच होतं, त्यात चूक नाही. पण ते मिस लॉयसने तिच्याच हातून करवून घेतलं आणि नव्या वर्गातल्या बायकांना बघायला उभं केलं. पातेलं भरत गेलं तशी फरसबी हिरव्याची करडी झाली. डेल्माने एकदाही मान वर केली नाही. प्रमाणपत्र तिला मिळालं नाही. बरणीघराची जागा जोलीनला मिळाली. हिवाळ्यात डेल्माची आई छातीच्या दुखण्याने गेली, ब्याऐंशीव्या वर्षी, अंथरुणात.

पण त्याआधीच, त्याच ऑक्टोबरमध्ये वेंडेलने मला पंपाला लावलं. वेंडेल म्हणजे कार्यालयातला शेतीवाला. त्याला त्या दिवशी काम नव्हतं, एवढंच कारण. सुई बघून त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"लॉयस, तुमचा हा काटा साडेचारने पुढे आहे."

मिस लॉयस टाइप करायची थांबली. "कधीपासून?"

"ते तो सांगणार आहे का मला?" वेंडेल म्हणाला. मग म्हणाला, "हाच कुकर त्या रोआर्कबाईने नेला होता ना? तिला सांगायला हवं."

"जागा भरली गेलीय. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?"

"तरी पण."

"तू आपली माती तपास, वेंडेल."

वेंडेलने माती तपासली. बरा माणूस होता, पण त्याचं बरेपण कॉफी संपेपर्यंतच टिकायचं. मिस लॉयसने मला फिरवून काढलं, हिरवी पट्टी नखाने खरवडली आणि झाकणावर नवा काटा बसवला. मला वाटलं आता बादली. पण नाही. तिने मला एका फळ्यावर तारेने बांधलं आणि खाली सुबक अक्षरात पाटी लावली: 'खोटा काटा. एका बाईच्या घरातला.'

तेव्हापासून मी शिकवण्याच्या कामी आहे. पहिल्या वर्षी मिस लॉयस सांगायची, "ही बाई काटा तपासायला आलीच नाही." दुसऱ्या वर्षी गोष्टीत त्या बाईच्या बरण्या फुगल्या. तिसऱ्या वर्षी बाईची म्हातारी आई आजारी पडली. चौथ्या वर्षी म्हातारी मेली. मिस लॉयस नाव घेत नसे, पण आमच्या काउंटीत नाव घ्यावं लागत नाही. वर्ग गंभीर व्हायचा, बायका उसासे टाकायच्या आणि घरी जाऊन आपापले काटे तपासायला आणायच्या. वर्ग म्हणून तो उत्तम होता.

पाचव्या एप्रिलमध्ये डेल्मा आली. कुणाकडून तरी जुना कुकर मिळाला होता, त्याचं झाकण हातात होतं. केस पांढरे झाले होते. रांग माझ्या फळ्याला लागून होती. तिच्या पुढची बाई काउंटीत नवीन होती, ती मागे वळून प्रेमाने म्हणाली, "तपासून घेतेस ते बरं करतेस हो. ऐकलंस का, या काट्यापायी एका बाईने आपली सख्खी आई घालवली."

डेल्माने माझ्याकडे पाहिलं. आधी पाटी वाचली. मग तिची नजर काचेवर आली, अकराच्या समोर, लाल ठिपक्यावर. रांग सरकली तशी ती पुढे सरकली. तिचा नंबर आला तेव्हा तिने झाकण पुढे केलं नाही.

"मिस लॉयस, हा काटा किती चुकतो?"

"कुठला? तो जुना आहे."

"किती चुकतो?"

रांग ऐकत होती. मिस लॉयसने पंपाची नळी सरळ केली. "साडेचार."

"पुढे की मागे?"

"पुढे."

डेल्माने मनाशी वजाबाकी केली. ओठ हलले तिचे. "म्हणजे मी अकरा बघत होते तेव्हा आत साडेसहा होते," ती म्हणाली. "मी हलले नव्हते शेगडीपुढून. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"रांग खोळंबलीय, डेल्मा," मिस लॉयस म्हणाली. "झाकण दे."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आम्हालाही घरी जायचंय." डेल्माने झाकण दिलं. मिस लॉयसने पंप मारला, आकडा पाहिला, हिरवी पट्टी लावली आणि म्हणाली, "हा चालेल." डेल्मा झाकण छातीशी धरून दाराकडे गेली. नव्या बाईने विचारलं, "कोण होती ती?"

"वर्गाला यायची एक," मिस लॉयस म्हणाली. "प्रमाणपत्र नाही मिळालं तिला."

रांग संपल्यावर तिने मला फळ्यावरून काढलं. खिडकीशी नेलं, तो लाल ठिपका शोधला आणि अंगठ्याच्या नखाने खरवडून टाकला. थोडा राहिला होता तो थुंकी लावून पुसला. मग मला पुन्हा तारेने बांधलं. पाटी तीच ठेवली.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर कसलीच खूण उरलेली नाही, म्हणून तुम्हाला हे सांगितलं. आम्हा काट्यांना आपटू नका. आपटलंत तर कुणी पाहिलं नसलं तरी तपासून घ्या, आणि दुसऱ्यांच्या आधी आपल्या घरचा तपासा. आणि कधी कुठल्या फळ्याखाली 'एका बाईच्या घरातला' असं वाचलंत, तर कोणत्या बाईच्या, एवढं विचारा. तिचं नाव डेल्मा रोआर्क. तिने काट्यावरून नजर हलवली नव्हती. तिला अकरा मी दाखवले.