शिलाईत गेलेली ओळ

मित्रांनो, एखादे घर विकले गेले की ते कोणी कोणाला कितीला दिले, हे कचेरीत एका वहीत लिहून ठेवतात. तशीच एक जुनी वही मी आहे. चारशे पानांची, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी. माझ्यात गोष्ट नाही, चित्र नाही, गाणे नाही. प्रत्येक ओळीत एक घर आहे. तारीख, घराचा नंबर, देणारा, घेणारा, किंमत. बस्स.

माझा जन्म छापखान्यात झाला. एका म्हाताऱ्या बाइंडरने माझ्या कागदांच्या जुड्या केल्या आणि एकेक जुडी मधल्या घडीतून शिवली. त्याची शिलाई अशी होती, की मला कुठेही उघडा, मी टेबलावर सपाट पडत असे. कचेरीत आले तेव्हा नव्या कागदाचा वास घ्यायला शिपाईसुद्धा नाक खुपसून गेला. कोणी नाक लावले ते तेवढेच. नंतर सगळ्यांनी बोटच लावले.

माझ्यात लिहायचे काम बोरूकाकांकडे होते. उंच, काटकुळे, लिहिणाऱ्या बोरूच्या लेखणीसारखे किंचित पुढे झुकलेले, म्हणून सगळे त्यांना बोरू म्हणत. खरे नाव पगारपत्रकावर असेल. किंमत लिहिताना ते श्वास रोखून धरत. एक शून्य इकडचे तिकडे झाले तर कोणाचे तरी घर बुडायचे, असे म्हणत. पण माझे रकाने लहान आणि माणसांचे व्यवहार लांबलचक. कोणी घराचा फक्त एक हिस्सा विकी, कोणी वरची खोली स्वतःकडे ठेवून घेई. असे काही असले, की बोरूकाका किमतीजवळ लाल शाईने एक बारीक फूल काढत आणि राहिलेला मजकूर समासात उभा लिहीत. तोही बाहेरच्या समासात नाही. आतल्या, माझ्या पाठीला लागून असलेल्या समासात.

एकदा साहेब वैतागून म्हणाले, "अहो बोरू, आम्ही काय मान मोडून वाचायचं?"

"बाहेरची कड बोटांनी झिजते साहेब," काका म्हणाले. "आतली राहते. मान काय, पुन्हा सरळ होते."

ते दिवस माझ्या मानाचे होते. घर घ्यायचे ठरवले, की शहाणी माणसे आधी माझ्याकडे येत. विकणाऱ्याने ते कितीला घेतले होते हे कळले, की बोलायला बळ येते. माझी पाने उलटताना कोणी बोटाला थुंकी लावी, कोणी आकडे पुटपुटे. आकडा सापडला, की कोणी हसे, कोणी कपाळाला हात लावी. मी सगळ्यांना सारखेच पान दाखवले.

मग बोरूकाका निवृत्त झाले. त्यांच्यामागे दोन वर्षांनी कपाटामागचा पाण्याचा नळ फुटला आणि माझी पाठ भिजली. पाणी अक्षरांपर्यंत पोचले नाही, पण दोरे कुजले, जुड्या सुटल्या. मला पुन्हा शिवायला हवे होते. जुड्या उलगडून शिवायला वेळ लागतो आणि पैसेही जास्त. साहेब बदलले होते. ते म्हणाले, स्वस्तात उरका. नव्या बाइंडरने मला ठोकून चौरस केले, पाठीपासून बोटभर आत टोच्याने आरपार भोके पाडली आणि जाड दोऱ्याने आवळून टाकले. मी पोत्यासारखी घट्ट झाले. पानेही जागच्या जागी राहिली. पण आतला समास शिलाईत गेला. काकांनी जे सगळ्यात जपून ठेवले होते, तेच मिटले. कोणाच्या लक्षात आले नाही. तेव्हा मला दुखले असेल. आता आठवत नाही.

पुढे कचेरीत संगणक आला. नवी घरे त्यात जाऊ लागली आणि मला खालच्या फळीवर टाकले. कधीतरी कोणी मागितले तर काढायचे, नाहीतर माझ्यावर चहाचे कप.

अशाच एका दुपारी एक जोडपे आले. तो बस चालवणारा, ती शाळेचे गणवेश शिवणारी. त्यांना एका घड्याळजीचे घर घ्यायचे होते. खिडकीवरच्या बाईंनी मला फळीवरून काढले, फडक्याने झटकले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"तळमजला आहे, मॅडम," बसवाला उगाचच बाईंना सांगू लागला. "दारात एकच पायरी. आमच्या इथं चोपन्न आहेत. आई चार वर्षांत खाली उतरलेली नाही. मी दिवसभर लोकांना त्यांच्या दारात उतरवतो, आणि माझीच आई खिडकीतून रस्ता बघते."

"ते पुराण नंतर," बायको म्हणाली. तिचे बोट माझ्या रकान्यावरून सुई चालावी तसे चालले होते. "हे बघा, सापडलं. नऊ वर्षांपूर्वी. चौदा लाख!"

"चौदा? नीट बघ."

"एकावर चार. आणि आपल्याकडे मागतोय बत्तीस! गोड बोलून दोनदा चहा पाजला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

"अगं, नऊ वर्षं झाली. भाव चढणारच."

"चढू दे की, पण जिन्यानं चढू दे. हा तर छतच फोडून गेलाय."

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपण तीसपर्यंत जाऊ शकतो."

"ते त्याला कशाला सांगायचं? सोळा म्हणायचं. वहीच सांगते म्हणावं." मग तिचे बोट थांबले. "बाई, इथं आकड्याजवळ हा लाल डाग कसला?"

बाईंनी मान लांब करून पाहिले. काकांची रीत त्यांना माहीत नव्हती. "शाई सांडली असेल. जुन्या वह्या अशाच असतात."

मित्रांनो, तो डाग नव्हता, फूल होते. शिलाईच्या कडेला काही अक्षरांच्या वेलांट्या तेवढ्या बाहेर डोकावत होत्या. बसवाल्याने मला थोडे उघडून पाहिले. मी उघडले नाही. माझ्याने उघडवलेच नाही. त्याने मला हळूच मिटले. दुसऱ्याची वस्तू फाटू नये म्हणून जपणारा माणूस होता तो. दोघे आनंदाने गेले. माझ्यावर पुन्हा कप आला.

सात महिन्यांनी बसवाला परत आला, एकटाच. भाड्याच्या कराराची मुदत वाढवायला आला होता. खिडकीशी उभा राहून त्याने सहज विचारावे तसे विचारले, "मॅडम, ते घड्याळजींचं घर कितीला गेलं हो?"

बाईंनी संगणकात पाहिले. "साडेएकोणतीस."

त्याने खालच्या फळीकडे पाहिले. मग म्हणाला, "ती जुनी वही एकदा दाखवता?"

त्या दिवशी बोरूकाका कचेरीत आले होते. निवृत्त माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असे सही करून सांगावे लागते, त्यासाठी. बाकावर बसून ते साहेबांची वाट पाहत होते. टेबलावर मला पाहिले आणि उठून आले. काठी टेबलाला टेकवली, माझ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"पाठ कोणी शिवली हिची?" त्यांनी विचारले. मग बसवाल्याकडे वळून म्हणाले, "काय शोधताय?"

"काही नाही काका. सापडलेलंच आहे. हे चौदा." बसवाल्याने बोट ठेवले. "हा आकडा आम्ही त्या घड्याळजींच्या तोंडावर फेकला. बायको म्हणाली, चौदाचं घर बत्तीसला विकता, लोकांना लुबाडता का? त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. म्हणाले, तुम्ही वही नीट वाचलीत ना? आम्ही म्हटलं, वाचली. ते म्हणाले, मग मला काही सांगायचं नाही. दार लावून घेतलं. पुन्हा आम्हाला उभं केलं नाही."

काका माझ्या पानाकडे पाहत होते. "हे फूल दिसलं नाही तुम्हाला?"

"डाग आहे ना तो?"

काकांनी चष्मा पुसला. दोन्ही तळवे माझ्या दोन्ही पानांवर ठेवले आणि अंगातले सगळे वजन टाकले. माझा एक दोरा तुटला, मग दुसरा. बाई ओरडल्या, "अहो आजोबा, फाटेल ती!" काकांनी ऐकले नाही. शिलाईतून ओळ बाहेर आली. इतक्या वर्षांनीही शाई ताजी होती. आतली कड खरेच झिजली नव्हती.

काकांनी मान वाकडी करून वाचले, "फक्त अर्धा हिस्सा. बहिणीकडून भावास."

बसवाल्याने तसेच मान वाकडी करून स्वतः एकदा वाचले. अर्ध्याचे चौदा, म्हणजे सगळ्याचे अठ्ठावीस. घड्याळजीने नऊ वर्षांत चारच वाढवले होते. हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. त्याची मान बराच वेळ तशीच राहिली.

"तुम्ही थोडं उघडून बघायचं होतंत," काका म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नाही. मीच बाहेर लिहायला हवं होतं."

"राहू द्या काका."

"घरी काय सांगाल?"

"तिला? काही नाही. ती सोळाच म्हणाली म्हणून रोज स्वतःला खाते. हे कळलं तर शिवणच बंद करेल." तो सरळ झाला आणि खिडकीकडे वळला. "मॅडम, भाडेकरार इथंच ना?"

"इथंच. किती वर्षं?"

"तीन."

"मजला?"

"तिसरा."

बाईंनी लिहून घेतले.

काका जाताना बाईंना सांगून गेले, की हिला घडीतून नीट शिवून घ्या. आणखी कितीतरी फुलांच्या ओळी आत आहेत. बाईंनी मान डोलावली. त्याला आता दोन वर्षे झाली. काकाही गेल्या वर्षी सही करायला आले नाहीत.

मला आता फारसे काही वाटत नाही. पण एक मागणे आहे. मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत जुन्या वह्या असतील, तर त्यांना दाबून, आवळून शिवू नका. आणि एखाद्या वहीवर विसंबून कोणाला बोल लावणार असाल, तर आधी ती पूर्ण उघडा. उघडत नसेल, तर ती ज्याने लिहिली त्याला शोधा, तो आहे तोवर.

माझे तुटलेले दोन दोरे अजून तसेच लोंबत आहेत. कोणी मला कशासाठीही फळीवरून काढले आणि टेबलावर ठेवले, तरी मी त्याच पानावर उघडते.