चमच्याची ओळ

'आपल्या खात्यावर चोवीस तासांची संपादनबंदी घालण्यात आली आहे.'

सिस्टरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. अक्षरं तीच होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत साधा मेमो न घेतलेल्या बाईला निवृत्तीनंतर घरबसल्या निलंबन! तेही सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, स्वतःच्याच जेवणाच्या टेबलावर.

इंटरनेटवरच्या त्या मुक्त ज्ञानकोशात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, पगार कुणालाच नाही. रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर सिस्टर तिथली आरोग्याची पानं नीट करू लागल्या होत्या. भाजणं, जुलाब, बाळाची नाळ अशी चाळीसेक पानं त्यांच्या हाताखालून गेली होती. वॉर्डातल्या चादरीवर सुरकुती दिसली की जसं त्यांचं डोकं फिरायचं, तसं चुकीच्या ओळीवर फिरायचं. आठवड्यापूर्वी त्या फिट येण्याच्या पानावर पोचल्या. तिथे लिहिलं होतं, 'जीभ चावली जाऊ नये म्हणून रुग्णाच्या दातांमध्ये चमचा घालावा.' त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओळ काढून त्यांनी लिहिलं, 'फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.'

'जुनाजाणता' असं टोपणनाव घेतलेल्या एका सदस्याने दुपारच्या आत चमचा परत घातला. त्याच्या ओळीखाली घरगुती उपचारांच्या एका जुन्या पुस्तकाचा संदर्भ होता, पान क्रमांकासकट. सिस्टरांच्या ओळीखाली काहीच नव्हतं. तो लिहायचा, 'संदर्भ द्या.' सिस्टर लिहायच्या, 'छत्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत.' आज तर सकाळपासून जुंपली होती. त्यांनी तीनदा चमचा काढला, त्याने तीनदा घातला आणि तो गप्प बसला. सिस्टर कसल्या गप्प बसतात! त्यांनी चौथ्यांदा काढला आणि तिथेच सापडल्या. एका दिवसात दुसऱ्याचं लिखाण तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही, असा तिथला नियम. व्यवस्था पाहणाऱ्या प्रचालकबाईंनी बंदी घातली, संदर्भ असलेली ओळ, म्हणजे चमचा, पानावर परत ठेवला आणि खाली निरोप लिहिला, 'आपला अनुभव मोलाचा आहे, पण इथे अनुभव हा संदर्भ धरता येत नाही.'

"धरता येत नाही म्हणे!" सिस्टर निवलेल्या चहाला म्हणाल्या. लॅपटॉप धाडकन मिटून त्या धाकट्या बहिणीकडे निघाल्या. राग आला की त्या तिथेच जात.

धाकटीला दहाव्या वर्षापासून फिट येत. औषधांनी अकरा वर्षं सगळं शांत होतं. गेल्या महिन्यात मात्र ती स्वयंपाकघरात अचानक कोसळली. घरात एकटी सून होती, नवीनच लग्न होऊन आलेली. ती इतकी घाबरली की उठून बसल्यावर धाकटीनेच तिला पाणी दिलं होतं.

दार सुनेनेच उघडलं. आत शिरताना सिस्टरांचं लक्ष दारामागच्या खुंटीकडे गेलं. किल्ल्यांच्या शेजारी एक चमचा लटकत होता. त्याच्या दांड्याला पांढरं कापड गुंडाळून दोऱ्याने पक्कं बांधलं होतं.

"हे काय गं?"

"आईंसाठी, मावशी." सून उत्साहाने म्हणाली. "परत फिट आली तर शोधाशोध नको. सकाळीच वाचलं मी, दातांमध्ये घालायचा असतो. बेडरूममध्येही एक ठेवलाय."

"कुठं वाचलंस?"

सुनेने मोबाइल पुढे केला. तेच पान, तीच ओळ. सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. इतके दिवस त्या जुनाजाणत्याशी भांडत होत्या. वाचणारं माणूस त्यांना आजच दिसलं, आणि ते घरचंच निघालं.

"काढ तो," त्या म्हणाल्या. "दोन्ही काढ. फिट आली की घड्याळ बघायचं. आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तिला कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर अँब्युलन्स. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही."

"पण मावशी, खाली पुस्तकाचं नावसुद्धा दिलंय..." मावशींना खोटं ठरवायचं सुनेच्या मनात नव्हतं, पण कुणावर विश्वास ठेवावा ते तिला कळेना. "जीभ चावली तर?"

"जीभ भरून येते. दात येत नाही."

हे बोलताना सिस्टरांची नजर सोफ्याकडे गेली. धाकटी आतून हात पुसत येऊन सोफ्यावर बसली होती. तिचा समोरचा दात अर्धा तुटलेला होता. हसताना तोंडावर हात धरायची तिची सवय त्या दातामुळेच लागली होती. तो पायरीवर पडून तुटला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना ते सिस्टरांनीच सांगितलं होतं, चौदाव्या वर्षी.

सिस्टर सुनेकडे बघत म्हणाल्या, "हिचा दात पायरीवर नाही तुटला. मी तोडला. घरात मोठं कुणी नव्हतं, हिला फिट आली, आणि शेजारच्या काकू ओरडल्या, चमचा घाल, चमचा घाल. मी सगळा जोर लावून घातला. कट्ट असा आवाज आला. आईबाबा आल्यावर मी खोटं बोलले." मग त्या धाकटीकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "छप्पन वर्षांची झालीस तू. एकदाही सांगायचं धाडस झालं नाही माझं."

धाकटीने जिभेने तो दात चाचपला. मग म्हणाली, "ताई, दोन दिवस माझ्या तोंडात पितळेची चव होती. आपल्या पायऱ्या काय पितळेच्या होत्या?"

"म्हणजे तुला..."

"माहीत होतं. पण तू माझ्यापेक्षा जास्त रडत होतीस. मग नर्सिंगला गेलीस. म्हटलं, चला, माझा दात कामी आला." तिने बहिणीच्या पाठीवर एक हलकी चापट मारली. "आता ती ओळ काढ आधी."

"मला बंदी आहे उद्या अकरापर्यंत."

"मग मी लिहिते! उघडून दे मला खातं."

"तसं चालत नाही. बंदी मला आहे, मी तुझ्या हाताने लिहायचं नाही." सिस्टर डोळे पुसत उठल्या. "आणि तो जुनाजाणता एका बाबतीत बरोबर आहे. माझ्या ओळीखाली काहीच नव्हतं. मी सांगते म्हणून ऐका, हे शेजारच्या काकूही म्हणाल्याच होत्या."

त्या दुपारी सिस्टरांनी घरातलं कपाट उपसलं. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं प्रथमोपचाराचं नवं पाठ्यपुस्तक तळाशी सापडलं. आपल्याला सगळं येतं म्हणून त्यांनी ते चार वर्षांत उघडलंही नव्हतं. दोन पानं चिकटलेली होती, ती त्यांनी सुरीने सोडवली. पान दोनशे बारा. मग रुग्णालयाच्या ग्रंथालयात जाऊन त्यांनी आणखी दोन संदर्भ उतरवून आणले. एकेकाळी त्यांच्याच हाताखाली असलेली हेडनर्स तिथे भेटली. "सिस्टर, आता आराम करा की," ती म्हणाली. "आराम पेशंटला सांगतात," म्हणून सिस्टर पुढे झाल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला त्या लॅपटॉप घेऊन धाकटीच्या टेबलावर हजर होत्या. अकरा दहाला बंदी उठली. त्यांनी आधी चर्चापानावर लिहिलं, 'माझी चूक झाली, संदर्भ द्यायला हवे होते. आता देत आहे. आपलं पुस्तक जुनं आहे आणि त्यातला सल्ला धोक्याचा आहे.' मग चमचा काढला, आपली ओळ घातली आणि तिच्यामागे एक, दोन, तीन असे तिन्ही संदर्भ लावले. सुनेने त्यांच्या खांद्यावरून वाकून तिन्ही वाचले, पान क्रमांकांसकट. मग ती दारामागच्या खुंटीकडे गेली.

"आणि त्याने परत घातला तर?" धाकटीने विचारलं.

"परत काढीन," सिस्टर म्हणाल्या. "दिवसातून तीन वेळा. जेवणानंतर."

सुनेने चमच्यावरचं कापड सोडलं, चमचा धुतला आणि साखरेच्या डब्यात ठेवला. धाकटीने तोच घेऊन तिन्ही कपांत साखर घातली. ती ढवळताना खदखदून हसत होती, आणि हात गुंतलेले असल्यामुळे तो अर्धा दात सगळ्यांना दिसत होता.