भाऊबीजेला आलेलं खत

साल एकोणीसशे शहात्तर. त्या वर्षी पाऊस रेंगाळला आणि इस्लामपूरच्या बाजूच्या द्राक्षबागांची छाटणी दिवाळीच्या पुढं गेली. नाथाजी मोहित्यांची बाग तेव्हा नवीनच होती. सगळा मुलूख उसाचा. त्यात तारा ताणून उभा केलेला तो मांडव बघायला लोक वाट वाकडी करून यायचे, आणि घरी जाऊन सांगायचे की म्हातारं खुळं झालंय, चांगल्या उसाच्या रानात वाळवणाच्या दोऱ्या बांधून बसलंय.

राहीबाई ही नाथाजींची धाकटी सून. माहेर कोकणातलं, गुहागरच्या खालच्या अंगाला एका खाडीकाठी. मराठ्याचीच लेक, पण बापाची तर चालायची. या काठाची माणसं त्या काठाला न्यायची होडी, तेच त्यांचं पोट. घाटावर लग्न होऊन आली तेव्हा भाकरी धड थापता येईना म्हणून आळीनं तिला वर्षभर हसून घेतलं. सासू अंबूबाई तर तिला नावानं हाक मारायचीच नाही, ‘ए कोकणी’ म्हणायची. राहीबाईनं ते सगळं पोटात घातलं. नवरा मानसिंग पलटणीतून पेन्शनीवर आलेला. माणूस वाईट नव्हता, पण बापापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

माहेरची एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. तिच्या खाडीच्या तोंडाशी गादे यायचे. आता पुस्तकांत त्यांना डॉल्फिन म्हणतात. भरतीबरोबर आत शिरायचे, ओहोटीबरोबर बाहेर. काळी करडी पाठ वर काढून फुसकन श्वास टाकायचे. ते दिसले की तिचा बाप वल्ही उचलून धरायचा. होडी थांबायची, आणि गादे पुढं जाईपर्यंत होडीतलं कुणी बोलायचं नाही. होडीत नवरा-नवरी बसलेली असोत नाहीतर तापानं फणफणलेलं पोर असो, थांबायचं म्हणजे थांबायचं. गादा जाळ्यात आला तर जाळं कापायचं, त्याला कोयता लावायचा नाही, अशी त्या काठाची रीत.

तर त्या भाऊबीजेला सकाळी सकाळी नाथाजींच्या बांधावर खताचा ट्रक येऊन उभा राहिला, आणि त्यातून राहीबाईचा भाऊ हरिबा उतरला.

हा बेत नाथाजींचाच. तासगावकडच्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की छाटणीआधी मुळाशी मासळीचं खत घातलं की घड वजनाला भरतो. सुनेचा भाऊ समुद्राकाठचा, मग दुसऱ्या कुणाकडून कशाला घ्यायचं? खत बागेला, धंदा सोयऱ्याला, आणि पोरीला सणाला भाऊ. सुनेला आनंद व्हावा म्हणून म्हाताऱ्यानं ही गोष्ट मुद्दाम लपवून ठेवली होती. स्वतः माळकरी. मासा शिवायचा तर सोडाच, त्याचं नाव घेतलं तरी चूळ भरायचे. म्हणून पोती बांधापलीकडं उतरवायची, मजुरांनी अंघोळ केल्याशिवाय वस्तीवर यायचं नाही, असा हुकूम. ड्रायव्हर गुंडा मात्र खुशीत होता. म्हणाला, “घाट चढताना वासानं मागनं एक गाडी जवळ आली न्हाई बघा. सरकारी मोटारीवानी आलोय.”

राहीबाई धावतच बांधावर गेली. भावाला बघून तिचा चेहरा असा फुलला की मजूर बायासुद्धा हसल्या. त्याला चहाला घेऊन निघणार, तेवढ्यात चरात खत ओतणाऱ्या धोंडुबाईनं पाटीतून एक हाड उचलून वर धरलं. “कोल्ह्याचं म्हणावं तर दात लय हायती,” ती म्हणाली. नाथाजींनी लांबूनच निकाल दिला, कुत्र्याचं असंल, टाक चरात.

राहीबाईनं ते हातात घेतलं. चोचीसारखा लांब जबडा, आणि त्यात कणसाच्या दाण्यांसारखे एका मापाचे दात. तिनं दुसऱ्या पोत्यात हात घातला. तिथंही तसाच जबडा. तिसऱ्या पोत्यातला तर हाताच्या ओंजळीत मावेल एवढा. तिनं भावाकडं पाहिलं. हरिबा ट्रकच्या चाकाकडं बघत होता.

ती तो लहानगा जबडा पदरात घेऊन घरी आली. पाट मांडला, रांगोळी घातली. हरिबा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून पाटावर बसला. घरातली सगळी भिंतीला टेकून बसली होती. राहीबाई ताट घेऊन बाहेर आली. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, आणि मधोमध ते हाड.

“हे कुणाचं, हरिबा?” तिनं विचारलं.

“बाय, सणाच्या दिसाला ह्ये कशाला?”

“कुणाचं ते सांग.”

मग हरिबानं सांगितलं. खाडीवर पूल झाला, बापाची तर बंद पडली, तेव्हापासून तो एका मालकाच्या ट्रॉलरवर होता. अलीकडं दोन-तीन सालं तारली मासळी काठाला आलीच नव्हती. जुनी माणसं म्हणत होती की पाणी ऊन लागतंय, वारं वेळेवर फिरत नाही, मासळी लांब आणि खोल गेली. ट्रॉलर तिच्या मागं जायचे आणि तळ खरवडून काढायचे. इंजिनांच्या धडधडीनं गादे खाडीत यायचे बंद झाले. पण पोट त्यांनाही होतं. मासळी जिथं, तिथं ते, आणि तिथंच जाळी. जाळ्यात गुरफटला की वर येऊन श्वास घेता येत नाही, बुडून मरतो. आधी मालक मेलेला गादा समुद्रात ढकलून द्यायचा. आता खताचा व्यापारी सगळंच उचलायचा, म्हणून तोडून, वाळवून पोत्यात.

“मासा पाण्यात बुडतोय व्हय?” अंबूबाई हसली.

“तो मासा नव्हं, आत्याबाई. त्याची मादी पिल्लाला अंगावर पाजते,” राहीबाई म्हणाली.

अंबूबाईचं हसू जागच्या जागी राहिलं.

राहीबाई भावाकडं वळली. “तोडला कुणी?”

“मी नाय तोडला तर दुसऱ्यानं तोडला असता.”

“दुसऱ्याला मी ओवाळत नाही,” राहीबाई म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.

घरात एकच गदारोळ झाला. भाऊबीजेला आलेला भाऊ न ओवाळता पाटावरून उठला, असं मोहित्यांच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. अंबूबाईनं तिच्या माहेरासकट सगळं काढलं. नाथाजींचा तर अपमानच झाला होता. आपण मायेनं करायला गेलो आणि सून उलटली, हे त्यांना सोसेना. ओसरीवरून ते कडाडले, “खत म्हंजे खत. उद्या शेण कुठल्या म्हशीचं तेबी इचारशील. चर आजच भरायचं.”

राहीबाई दारात आली. पदर डोक्यावर होता, आवाज मात्र कुणी कधी ऐकला नव्हता असा. “माळ तुमच्या गळ्यात आणि मासा तुमच्या वेलाच्या मुळात. पहिला घड म्हसवडच्या सिद्धनाथाला वाहणार म्हणालात नव्हं, मामंजी? देवाला सांगून वाहा, हे कशावर पोसलंय ते.”

नाथाजी ताडकन उठले. आता म्हातारा हात उगारतो की काय असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा मानसिंग मधे उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बापासमोर तो पहिल्यांदाच बोलला, आणि तेही बापाकडं न बघता. “पोती निवडून घे,” तो बायकोला म्हणाला. “तवर चर भरायचं न्हाईत.”

एवढंच. खत परत पाठव असं काही तो म्हणाला नाही. राहीबाईला ते कळलं, आणि कळून आणखी राग आला. पण मिळालं तेवढं तिनं घेतलं. धोंडुबाईला जोडीला घेऊन ती बांधावर बसली. बाया धान्य निवडतात तशा दोघी ते कुजकट खत सुपात घेऊन निवडत राहिल्या. धोंडुबाई सारखी नाकाला पदर लावत होती, पण उठली नाही. म्हणाली, “पाजणाऱ्या जनावराचं हाड म्या बी चरात घालायची न्हाई.” उन्हं कलली तेव्हा एक पोतं हाडांनी भरलं होतं. उरलेलं खत मजुरांनी चरात ओतलं.

कृष्णेत सोडून दे आणि मोकळी हो, असं अंबूबाईनं सुचवलं. राहीबाई म्हणाली, कृष्णा पूर्वेला जाते, तो समुद्र यांचा नव्हे. तिनं पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलं आणि ते हरिबाच्या पायाशी ठेवलं.

“आपल्या खाडीच्या तोंडाशी सोड. मग ये. पाट मांडून ठेवते.”

हरिबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आईची शपथ घेतली, पोतं स्वतः खांद्यावर घेतलं आणि ट्रकमध्ये ठेवलं.

माघात गुंडा पुन्हा त्या बाजूला आला, तेव्हा राहीबाईनं त्याला थांबवून विचारलं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्यानं सरळ सांगून टाकलं की ते पोतं कऱ्हाडच्या अलीकडंच एका बागवाल्याच्या बांधावर उतरलं. बागवाला म्हणाला, हाडाचं खत असंल तर बरंच. त्यानं दोघांना कोंबडीचं जेवण घातलं. घाटापर्यंतसुद्धा पोतं गेलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीला हरिबा साडी घेऊन आला. राहीबाईनं त्याला जेवायला वाढलं, पाणी दिलं. पाट मांडला नाही. तो नंतर आला नाही.

हरिबाच्या ट्रॉलरला पुढं मासळी मिळेनाशी झाली. मालकानं तो विकला आणि हरिबा बर्फाच्या कारखान्यावर राखणदार झाला. तिथंच छातीत कळ येऊन गेला. राहीबाई दिवसांना गेली होती, रडली मात्र नाही. नाथाजींनी दुसऱ्या वर्षीपासून खत दुसऱ्या व्यापाऱ्याकडून मागवलं. ते दळून यायचं, पिठासारखं. त्यात काय होतं ते कुणाला ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घडांना प्रदर्शनात बक्षीस मिळालं, शाल मिळाली, आणि ते समाधानानं गेले. अंबूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. राहीबाईनंच तिचं सगळं केलं, आणि त्या काळात सासूनं तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली. मानसिंगनं वाटणी झाल्यावर आपल्या हिश्श्यात शेणखत आणि पेंड एवढंच घातलं. माल कमी यायचा. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. धोंडुबाई लेकीकडं आटपाडीला गेली आणि तिकडंच मेली. गुंडा ट्रकचा मालक झाला.

राहीबाई ऐंशी ओलांडून अजून आहे. नातवानं एकदा तिला मोटारीनं माहेरी नेलं. खाडीच्या तोंडाशी आता धक्का झालाय, पाण्यावर तेलाचा तवंग असतो. तासभर बसून राहिली. निघताना नातू म्हणाला, जाऊ दे आजी, जुनी गोष्ट आहे. तिनं त्याला तिथंच, लोकांदेखत, असा फैलावर घेतला की तो घाट चढेपर्यंत गप्प होता.