तिखट कानाचा माणूस

"थांबा." काचेपलीकडे वाचायला बसलेल्या बाईंनी हात वर केला. "पुन्हा किरकिरतंय."

ध्वनिमुद्रकाने यंत्र थांबवलं. सकाळपासून हे असंच चाललं होतं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्याच्या मागे स्टुडिओची मालकीण आणि प्रकाशक चहा पीत गप्पा मारत बसले होते. हेडफोन त्याच्या एकट्याच्याच कानांवर होते. त्याने डोळे मिटून ऐकलं. आतली खोली चिडीचूप होती.

"काही नाहीये, बाई."

"आहे हो. बारीक, एका सुरात. कोपऱ्यातून येतंय."

त्याचे कान म्हणजे या स्टुडिओची मिरवायची वस्तू. काकांसमोर मनातल्या मनातसुद्धा कुणाला शिव्या देऊ नका, त्यांना ऐकू जातात, असं सगळे गमतीने म्हणत. त्याच कानांना पाहुण्यांदेखत खोटं पाडलेलं त्याला झोंबलं. त्याने आतल्या खोलीशी बोलायचं बटण दाबलं.

"बाई, आवाज खोलीत नाही, तुमच्या कानात आहे. वय झालं की वाजतात कान. त्यात लाजायचं काय?"

प्रकाशक फिस्सकन हसला.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पण पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही. हातातली पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली आणि त्या बाहेर आल्या. "आज राहू दे," एवढंच म्हणाल्या.

दार लागल्यावर मालकिणीने विचारलं, "काका, पुढची पुस्तकं दुसऱ्या कुणाला द्यायची का? तुमच्या शब्दाबाहेर नाही मी."

तो तारेची गुंडाळी करत होता. वर न बघताच त्याने होकारार्थी मान हलवली.

मालकीण प्रकाशकांना सोडायला खाली गेली. तो आवराआवर करायला आतल्या खोलीत शिरला. वाचायचा छोटा दिवा तेवढा जळत होता. कोपऱ्यात मालकिणीने शोभेसाठी गच्चीवरून आणून ठेवलेली कुंडी होती. तिच्या एका रुंद पानाला चण्याएवढं भोक पडलेलं दिसलं, म्हणून तो वाकला.

भोकातून एक सडपातळ, फिकट हिरवा किडा अर्धा बाहेर आला होता. झाडावरचा रातकिडा. त्याचे पारदर्शक पंख ताठ उभे होते आणि इतके थरथरत होते की त्यांच्या कडा दिसत नव्हत्या. हे किडे पान कुरतडून त्याचाच कर्णा करतात, हे त्याला ठाऊक होतं. तरुणपणी एका नाटकासाठी त्यानेच रानात बसून त्यांचा आवाज टिपला होता. कानठळ्या बसल्या होत्या तेव्हा.

त्याने श्वास रोखून कान पानापाशी नेला. मग दुसरा कान. मग हळूच मायक्रोफोन जवळ सरकवला, बाहेर जाऊन हेडफोन चढवले आणि यंत्र सुरू केलं. आवाजाची पातळी दाखवणारा काटा झर्रकन वर चढला आणि तिथेच थरथरत राहिला. कानात फक्त स्वतःचा श्वास.

हेडफोन उतरवून त्याने बाईंना फोन लावला. बोलता बोलता तो पुन्हा कुंडीपाशी जाऊन उभा राहिला.

"बाई, किडा सापडला. कुंडीत आहे."

"बरं. वाजतोय का अजून?"

मस्त वाजतोय, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"दिसतोय," तो म्हणाला. "मला नुसता दिसतोय."

पलीकडे आश्चर्य वाटल्याचं काही लक्षण नव्हतं. "मागच्या पुस्तकाच्या वेळी दिवा चीं करत होता," बाई सावकाश म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, उत्तम झालं. मग डोळे दुखतायत असं सांगून मी तो बदलून घेतला."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत कसं सांगायचं हो?"

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाईंनी फोन ठेवला नव्हता.

जिन्यावरून मालकीण वर आली आणि दारातच थबकली.

"अगंबाई, केवढं हे किरकिरतंय! काका, तुम्हाला ऐकू येत नाही की काय?" ती हसत होती.

"नाही," तो म्हणाला. फोन त्याच्या हातात चालूच होता. "नाही येत. बाई खरं सांगत होत्या."

मालकिणीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"प्रकाशक गेले का?"

"गाडीपाशी आहेत अजून. का?"

"त्यांनाही वर बोलवा," तो म्हणाला.