खिशातला रोटर

नानाजींनी सदऱ्याच्या खिशातून रोटर काढला आणि बॉनेटवर पसरलेला समन्सचा कागद उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवला.

"आता सांगा," ते म्हणाले, "हा माह्या खिशात, तर गाडी धंतोलीत कशी गेली?"

रुपराव आणि विश्वनाथ दोघेही वाकून पाहू लागले. अंगठ्याएवढा काळा तुकडा आणि टोकाला पितळेची पट्टी. इंजिनाजवळच्या एका टोपणाखाली तो बसतो आणि तिथं तो नसेल तर ठिणगी पुढं जात नाही. मग बॅटरी नवी असो की पेट्रोल टाकी भरून असो, गाडी जागची हलत नाही. कधीकाळी महाल भागात ओळखीतल्या एकाची गाडी दारातून चोरीला गेली होती. तेव्हापासून नानाजी गाडी उभी केली की बॉनेट उघडून रोटर काढत आणि खिशात टाकत. लग्नाच्या पंगतीत जेवतानाही तो त्यांच्या खिशात असे. किल्ली मात्र खुशाल खुंटीला लटकत असायची, कारण नुसत्या किल्लीनं काय होतंय!

नागपुरात तेव्हा मोटारी होत्या कितीशा. नानाजींच्या अजनीकडच्या अंगणात दर रविवारी सकाळी तिघं जमत. नानाजींची काळी लँडमास्टर, विश्वनाथची फियाट, आणि रुपरावांची मॉरिस, जी विटांवर उभी होती आणि जिच्याबद्दल रुपराव "येत्या दसऱ्याले काढतो" असं दर दसऱ्याला म्हणत. कुठलं ऑइल, कितीनं हवा, कोणत्या चौकातला शिपाई उगाच अडवतो, या गप्पांत दुपारच्या जेवणाची वेळ टळून जाई.

आज विषय एकच होता. समन्समध्ये लिहिलं होतं की गुरुवारी दुपारी धंतोलीच्या चौकात वाहतूक शिपायानं हात दाखवला असता ही गाडी थांबली नाही. शिटी वाजवली, तरी थांबली नाही.

प्रेमिला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. नानाजींची ती बायको. समन्समध्ये लिहिलेलं सगळं खरं होतं. गाडी तीच होती आणि चालवत होती प्रेमिला.

तिचं माहेर नरखेडकडचं. वडिलांच्या संत्र्याच्या बागा होत्या आणि पेट्या स्टेशनवर न्यायला एक जुनी जीप होती. भाऊ नव्हता, म्हणून जीप तिच्याच हाती आली. वडिलांनी हौसेनं नागपूरला नेऊन लायसनही काढून दिलं. नानाजींना लग्न ठरताना याचं कोण कौतुक! "पोरीले जीप चालवता येते," असं ते चारचौघांत सांगत. लग्न झाल्यावर मात्र म्हणाले, बागेतल्या पांदणीत जीप हाकणं वेगळं आणि शहरात मोटार चालवणं वेगळं. मग इतकी वर्षं प्रेमिला डाव्या सीटवर बसून आली होती. दार हळू लाव, हात बाहेर काढू नको, पदर आवर, दाराले अडकन.

नानाजी जुना सुटा भाग फेकत नसत. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जळके प्लग, झिजलेले वॉशर, तुटक्या तारा असं सगळं साठवलेलं होतं. एकदा शिवणयंत्रासाठी स्क्रू शोधताना तिला त्यात जुना रोटर सापडला. पट्टी जळून काळी पडली होती. इतक्या रविवारी चहा देता देता ती जे ऐकत आली होती, ते सगळं एकदम तिच्या कामी आलं. तिनं पट्टी काचकागदानं घासली आणि गुरुवारची वाट पाहिली. इतर दिवशी नानाजी दुपारी सायकलवरून जेवायला घरी येत. गुरुवारी त्यांचा उपास असे.

तिला कुठं जायचं नव्हतं. तेव्हापासून दर गुरुवारी वर्धा रोडनं सरळ, घरं संपतात तिथपर्यंत, आणि परत. शेजारी पाहत, पण नानाजींनीच दिली असणार असं धरून चालत. परत आली की ती रोटर काढून डब्यात टाकी, गाडी पुसून ठेवी आणि भाजी निवडायला बसे.

गोची पेट्रोलची होती. गाडी फार पिते आहे हे नानाजींच्या लगेच ध्यानात आलं. मैलांचा काटा बंद पडूनच वर्षं झाली होती, त्यामुळे दोष कार्बुरेटरचाच, यावर तिघांचं एकमत झालं. तो उघडला, धुतला, बसवला. पुन्हा उघडला. रुपरावांनी त्याला कान लावूनसुद्धा पाहिलं. प्रेमिलाला हसू आवरायला चुलीपाशी जावं लागे.

आज तिला हसू येत नव्हतं.

"हात समोरून दाखवला का मागून?" रुपराव विचारत होते. "मागून दाखवला असन तर दिसनच कसा?"

"अन् हात सरळ पाहिजे. कोपरात वाकला की तो इशारा नाही, आळस झाला," नानाजी म्हणाले. हा त्यांचा आवडता मुद्दा होता. अंगणाच्या मध्यावर उभं राहून त्यांनी हात ताठ करून दाखवला. "असा! पण ते सारं नंतर. आपली गाडी तिथं नव्हतीच, तर दंड कायले भरू? मी लढतो."

"लढाच," विश्वनाथ म्हणाला. तो नानाजींच्याच कचेरीत होता, समोरच्या टेबलावर. "मी साक्ष देतो. तुम्ही माह्यासमोर बसून होते. अन् त्या शिपायालेच उभं करू कोर्टात. विचारू त्याले, गाडीत कोण होता? चेहरा सांग म्हणा! गडबडते का नाही पाहा."

प्रेमिलानं ट्रे उंबऱ्याशी ठेवला. शिपाई गडबडणार नव्हता. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं होतं, आणि तिनंही त्याच्याकडे. हात तिला दिसला होता. चूक झाली असती तर तिनं मनातल्या मनात माफी तरी मागितली असती. पण ती चूक नव्हती. जन्मभर कोणी ना कोणी तिला थांब म्हणत आलं होतं आणि त्या दुपारी तिला थांबायचं नव्हतं, एवढंच.

"चहा निवून राहिला," ती म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. रुपराव डोकं खाजवत होते.

"नानाजी, एक आहे. समोरचा वकील विचारन, दुसरा रोटर नव्हता कशावरून? जुना कुठी आहे तुमचा?"

"डब्यात. पार जळलेला आहे गा तो. थांबा, दाखवतोच."

नानाजी आत गेले आणि डबा घेऊन आले. प्रेमिला दाराची चौकट धरून उभी राहिली. डब्यात बोटं फिरण्याचा खडखडाट तिला नको इतका स्पष्ट ऐकू आला. मग तो थांबला.

नानाजींनी जुना रोटर उजेडात धरला. पट्टी लखलखत होती. त्यांनी तिच्यावर अंगठा फिरवला आणि अंगठा पाहिला. काजळी नव्हती. मग त्यांची नजर आधी गेली बॉनेटकडे, आतल्या कार्बुरेटरच्या दिशेनं. तिथं ती बराच वेळ राहिली. त्यानंतर ती दाराकडे आली.

"काय झालं?" विश्वनाथनं विचारलं.

नानाजींनी जुना रोटर खिशात टाकला. बायको आपल्याला न विचारता गाडी नेते, हे या दोघांसमोर उघडं पडलं तर गावभर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"गाडी हिनंच नेली होती त्या दिवशी," ते दाराकडे न पाहता म्हणाले. "मीच सांगितलं होतं. रोटर लावून गेलो होतो. आता ध्यानात आलं."

दोघांनी बॉनेटवरच्या रोटरकडे पाहिलं.

"रोटर लावून गेले?" रुपराव हळूच म्हणाले.

"तुम्ही?" विश्वनाथ म्हणाला.

बाई गाडी घेऊन धंतोलीत गेली याचं दोघांनाही काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांचे चेहरे घरात गमी झाल्यासारखे झाले होते ते रोटरमुळे. नानाजींनी मान खाली घातली. खोटं बोलावं लागलं ते लागलं, वर नेमकं हे बोलावं लागलं.

"वहिनीचं लायसन?" विश्वनाथला आठवलं.

"माहेरचं आहे. पण मुदत..."

"मुदत आहे," प्रेमिला दारातून म्हणाली. "दिवाळीच्या आधी नवी करून आणली."

"हो," नानाजी म्हणाले. त्यांना हे आत्ताच कळत होतं. "आणली."

"मंग बेसच झालं!" रुपरावांचा चेहरा उजळला. "आमच्या बायकोले, जयवंताले, दर गुरुवारी धंतोलीत दवाखान्यात न्या लागते. रिक्षात कंबर आणखी दुखते म्हणते ते. वहिनी गाडी चालवतातच, तर तिलेही नेतील सोबत. काय नानाजी?"

नानाजींनी रुपरावांकडे पाहिलं, विश्वनाथकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "काहून नाही? अन् दंड भरून टाकतो."

त्या दिवशी घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर प्रेमिलाला बरं वाटलं असतं. नानाजी जेवले, मीठ मागून घेतलं, आणि डबा कपाटावर ठेवून दिला. त्यात जुना रोटर नव्हता. धुवायला सदरा घेताना तिला तो खिशात लागला, नव्याच्या शेजारी. तिनं दोन्ही काढून खिडकीत ठेवले आणि दुसऱ्या सदऱ्यात ते पुन्हा गेलेले पाहिले. सोमवारपासून स्वयंपाकघर तिला पूर्वीपेक्षा लहान वाटू लागलं. भिंती तर तिथंच होत्या.

गुरुवारी सकाळी नानाजी कचेरीत गेले नाहीत. जयवंताबाई पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर येऊन बसल्या, तेव्हा ते बॉनेटमध्ये वाकलेले होते. त्यांनी नवा रोटर बसवला, बॉनेट लावलं, हात पुसले आणि स्टिअरिंगकडे बोट दाखवलं.

"बस."

प्रेमिला बसली. नानाजी वळसा घालून आले आणि डाव्या सीटवर बसले.

"अर्धी रजा टाकली," ते म्हणाले. "आता दर गुरुवारी टाकतो. दंडाची भानगड नको."

हे तिच्या मनात आलं नव्हतं. गाडी मिळाली होती आणि गुरुवार गेला होता. तिला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून तिनं गाडी सुरू केली.

"क्लच. पूर्ण दाब ना, पूर्ण. हं. हॉर्न दे. हॉर्न दे ना वं! सायकलवाला दिसत नाही का? आता गिअर. एवढा घाईनं नाही. अवं, ते गाडी आहे, पाटा-वरवंटा नाही."

अजनीचा पूल गेला. आरशात जयवंताबाईंचे फक्त डोळे दिसत, खिडकीबाहेर पाहणारे.

धंतोलीच्या चौकात शिपायानं हात वर केला.

"थांब," नानाजी म्हणाले. "थांब. थांब. थांब!"

ती थांबली. चाकं पट्ट्याच्या अलीकडे टेकली. नानाजींनी कौतुकानं मान डोलावली आणि मग पुढं वाकून काचेतून निरखून पाहिलं.

"हाच का तो?"

"हो."

"हात पाहिला त्याचा? कोपरात वाकलेला आहे. पाहा, पाहा! म्हटलं होतं ना मी? असा हात चालतच नाही." त्यांनी दार उघडलं. "एक मिनिट थांब. दंड भरतोच आहे मी, पण त्याले समजलं पाहिजे."

ते उतरले, दार हळू लावलं आणि चौकाच्या मध्यावर गेले. शिपाई आधी दचकला. मग नानाजींनी ताठ हात करून दाखवला, शिपायानं आपला हात दाखवला, नानाजींनी त्याचा कोपर धरून सरळ केला. मागं रिक्षांच्या घंट्या वाजू लागल्या. शिपाई वैतागला आणि मोकळ्या हातानं त्यानं गाडीला जा जा अशी खूण केली.

"काहून थांबून राहिली वं?" मागून जयवंताबाईंचा आवाज आला. निघाल्यापासून त्या पहिल्यांदा बोलत होत्या. "चाल ना."

"ते येऊन राहिले ना..."

"येतील पायी. दवाखाना काही पळून नाही जात." जयवंताबाई पुढं सरकल्या. त्यांचा हात प्रेमिलाच्या सीटच्या पाठीवर आला. "रिक्षातून दिसायची मले तू. दर गुरुवारी कुठवर जात होती?"

"वर्धा रोडनं. घरं संपतात तिथवर."

"मंग तिथवर चाल."

प्रेमिलानं क्लच दाबला. पूर्ण.

चौक ओलांडल्यावर तिनं आरशात पाहिलं. नानाजी मध्यावर उभे होते, वर केलेला हात तसाच होता. मग तो हात खाली आला आणि सवयीनं खिशाकडे गेला. जुना रोटर खिशात होता, नवा गाडीत.