सेवा वाढवली

"काय बाई ही वायर, सारखी गाठी मारून घेते. मांडीवर घ्यावं तर तेवढीही पोचत नाही मेली."

अगदी माझ्या तोंडाशी तोंड आणून रमाबाई पुटपुटतात. मित्रांनो, मी एक जुना घरगुती टेलिफोन आहे, सुदामा नगरातल्या एका भिंतीला वायरीने जखडलेला. कारखान्यातून खोक्यात बसून आलो तेव्हा माझ्या बटनांवर हळदीकुंकू वाहिलं होतं. शेजारीपाजारी चपला काढून माझ्याजवळ यायचे. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि माझ्यावर क्रोशाचा रुमाल. त्याच्या भोकांतून दिसतं थोडंफार, ऐकू मात्र सगळं येतं.

रमाबाईंची नजर अधू झाली आहे. पण माझ्या पाचाच्या बटनावर बारीक उंचवटा आहे. तिथे बोट टेकलं की बाकीचे आकडे त्यांना आपसूक सापडतात. रोज दुपारी महू गावी चंपाबाईंना फोन. शाळेपासूनची मैत्रीण, आता अंथरुणाला खिळलेली. पोह्यांवर जिरावन मसाला किती भुरभुरावा, यावरून दोघी अजून भांडतात. मोबाइलही देऊन पाहिला. ती गुळगुळीत काच बोटांना काही सांगत नाही. एकदा भलताच नंबर लागला आणि जिरावनाचं सगळं भांडण बिचाऱ्या गॅसवाल्याने ऐकून घेतलं.

सून अनुश्री पलासियाला फोन कंपनीत काम करते. नव्या धोरणाने कंपनीला जुन्या तांब्याच्या तारा काढायची मोकळीक मिळाली. पण 'बंद' हा शब्द वापरायचा नाही, असं ऑफिसात ठरलेलं. 'ग्राहकहित' चालेल, 'स्थलांतर' चालेल. मराठी सूचना अनुश्रीने लिहिली आणि कौतुकाने घरी वाचून दाखवली: आम्ही आपल्या लाइनची सेवा वाढवत आहोत.

वाती वळणारे रमाबाईंचे हात थांबले.

"वाढवताय? म्हणजे दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात, तसं?"

हिंदी शाळेत शिकलेली अनुश्री हसली. वाढवणं म्हणजे बढाना, आई, म्हणाली. 'बंद' किंवा 'फुटली' असं अशुभ बोलू नये म्हणून जुनी माणसं 'वाढवली' म्हणतात, हे तिच्या कानावरून कधी गेलंच नव्हतं.

तार काढायला आलेल्या माणसांना रमाबाईंनी दारातूनच परतवून लावलं. तेव्हा अनुश्रीचे साहेब हृषीकेशजी स्वतः आले. पोहे खाता खाता स्पर्धा, प्रगती, सगळं सांगून झालं. "टेन्शन नका घेऊ, काकूजी. पूर्ण दुनियेत तांब्याचा सूर्यास्त होतोय."

"मग उद्या सकाळी येईल ना परत?"

साहेबांनी पाणी मागितलं. या गल्लीत तांब्याऐवजी दुसरी नवी तार येणार का, या रमाबाईंच्या प्रश्नावर ते 'पुढच्या टप्प्यात विचार' म्हणाले.

मित्रांनो, माझ्यातून आयुष्यभर शब्दच गेले. खरे गेले, खोटेही गेले. अडवायची मला सोय नाही. तुम्हाला आहे. आमच्यावरची धूळ पुसता ना, तसे शब्दही बोलण्याआधी एकदा पुसून बघत जा.

"मग दुपारी चंपाशी मी बोलायचं कशावर?" रमाबाईंनी विचारलं. त्यांचा हात माझ्यावर होता.

"पर्याय उपलब्ध आहेत," साहेब म्हणाले.

"नाहीत, सर." अनुश्रीने हातातली बशी खाली ठेवली आणि सासूबाईंजवळ येऊन बसली. "आई, फोन बंद करतोय आम्ही. या गल्लीत फायदा नाही म्हणून. तुमचं काय होईल, हे कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही."